ट्रंकेतले मोडी कागद आणि कोऱ्या डायऱ्या

पुण्यात कर्वेनगरमध्ये राहणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनीने सविस्तर पत्र पाठवले असून नाव न छापण्याची विनंती केली आहे. त्या स्वारगेटजवळच्या एका खासगी कंपनीत हिशेब विभागात नोकरी करतात. सकाळचे डबे, सासूबाईंची औषधे, बसचा प्रवास आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांत त्यांचा दिवस संपतो. मुलगी शिक्षणासाठी बंगळूरला गेल्यापासून आता स्वतःसाठी काहीतरी केले पाहिजे, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले आहे. त्या लिहितात :

‘मोबाइलमध्ये मी सुविचारांचा वेगळा अल्बम केला आहे, व्याख्यानांना जाते, थोरांची चरित्रे वाचते. दोन दिवस अंगात बळ संचारते आणि मग मी होते तिथेच. महर्षी कर्व्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज जाते आणि रोज खुजी वाटते. माहेरी आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद सापडले. वरवर पाहता ते हिशेबाचे वाटतात. ते वाचता यावेत म्हणून हौसेने मोडीच्या वर्गाला नाव घातले, पहिल्याच दिवशी ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी फार कौतुक केले. पण अक्षरे एकसारखी दिसू लागली आणि काही दिवसांत जाणे सुटले. एकवीस दिवसांत सवय लागते असे ऐकून डायऱ्या आणल्या, त्या कोऱ्याच आहेत. सोसायटीतल्या बायका मॅरेथॉन पळतात. कधी कधी तर सगळ्याचाच कंटाळा येतो. माझ्यातच जिद्द कमी आहे का? रोजच्या जगण्यातून प्रेरणा मिळवायची तरी कशी? आणि घरात इतकी कामे असताना स्वतःसाठी वेळ काढणे हा स्वार्थ तर नाही ना?’

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचल्यावर तुमच्याकडे प्रेरणेची टंचाई आहे, असे मला मुळीच वाटले नाही. उलट, ती गरजेपेक्षा जास्तच साठलेली दिसते. ज्या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही लोक चवीने ऐकतात, तिथे भारावून जाण्याची सोय कधीच कमी नव्हती. आता तिच्या जोडीला मोबाइल आला आहे आणि सकाळी चहा उकळायच्या आत दहा सुविचार येऊन पडलेले असतात. अडचण अशी आहे, की चांगले भाषण ऐकताना किंवा चरित्र वाचताना आपल्याला जे समाधान मिळते ते खरे आणि पुरेसे असते, त्यामुळे त्यापुढे काही करण्याची निकड उरत नाही. व्याख्यानाला जरूर जावे, तो एक उत्तम आनंद आहे. फक्त त्या संध्याकाळी आपल्या हातून काही घडले, अशी नोंद मनात करू नये.

ग्रुपवर टाकलेल्या फोटोचे तुम्ही ओझरते लिहून पुढे गेलात, माझे लक्ष मात्र तिथेच अडले. न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना अमुक एक बनायचे आहे, उदाहरणार्थ वकील, अशा विद्यार्थ्यांचा संकल्प दुसऱ्या कोणी वाचून त्याची दखल घेतली, तर ज्यांचा संकल्प कोणी पाहिलाच नव्हता त्यांच्यापेक्षा ते त्या कामावर कमी वेळ देतात, असे त्यांत आढळले. मोडी शिकून जो मान मिळायचा, तो तुम्हांला पहिल्याच दिवशी अंगठ्यांच्या आणि फुलांच्या चिन्हांच्या रूपाने मिळून गेला. मागे उरली ती निव्वळ मेहनत. असे होणे अगदी माणसासारखे आहे आणि त्यावरचा उपायही सोपा आहे. पुन्हा सुरुवात कराल तेव्हा ती कोणाला सांगू नका. यजमानांना घरात दिसेलच, तेवढे पुरे.

आता महर्षी कर्व्यांविषयी, कारण तुम्ही त्यांचे नाव काढले आहे आणि योगायोगाने तुम्ही राहता तो भाग म्हणजेच जुने हिंगणे. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले, हे आपण शाळेत पाठ करतो आणि त्या उंचीकडे पाहून मान दुखवून घेतो. या दोन घटनांच्या कितीतरी आधीच्या दिवसांकडे थोडे पाहा. १८९१ पासून हे गृहस्थ फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. विधवांसाठी काढलेल्या आश्रमाची झोपडी हिंगण्याच्या माळावर उभी राहिल्यावर कॉलेजातले तास आटोपून, आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेऊन ते पायी तिकडे जात; वाट शहराबाहेरची, पावसाळ्यात चिखलाची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेज ठरलेले. त्या वाटेवर रोज काही उदात्त विचार मनात येत असतील असे मानायचे कारण नाही. धान्य किती दिवस पुरेल आणि वर्गणी कोणाकडून यायची आहे, हेच बहुधा डोक्यात घोळत असावे. चरित्रे वाचताना हा कंटाळवाणा भाग आपण भरभर उलटतो आणि फळापाशी थांबतो. तुम्हांला कर्व्यांकडून काही घ्यायचेच असेल, तर त्यांची थोरवी बाजूला ठेवून त्यांची ठरलेली वाट घ्या.

याच शहरातले दुसरे एक काम मला तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचे वाटते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवण्याचे, काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. देशभरातून मिळवलेल्या १,२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग झाला. पद्धत अशी होती, की एका मोठ्या कागदावर वरच्या ओळीत श्लोकाचा पाठ एकेक अक्षर सुटे करून लिहायचा आणि त्याखाली प्रत्येक हस्तलिखितात त्या अक्षराच्या जागी काय आहे ते नोंदवत जायचे. असा एक कागद झाला, की पुढचा श्लोक. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ मध्ये गेले, तेव्हा अठरा पर्वांपैकी मोजकीच छापून झाली होती. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते काम तडीला नेले. सत्तेचाळीस वर्षे कोणीही भारावलेल्या अवस्थेत राहू शकत नाही. आजचा कागद आज संपतो आणि उद्या कोणता कागद घ्यायचा ते आजच ठाऊक असते, या व्यवस्थेवर ते काम उभे होते. शिवाय दोन हस्तलिखिते एकमेकांशी का जुळत नाहीत, असा एखादा प्रश्न रात्री झोपतानाही मनात राहत असणार. रोजच्या जगण्यातून मिळणारी प्रेरणा म्हणतात ती माझ्या मते इतकीच असते : हातातल्या कामातला एक न सुटलेला प्रश्न, ज्याचे उत्तर कळावे असे आपल्याला मनापासून वाटते. ती सुविचारांत सापडणार नाही, कारण सुविचारात सगळे आधीच सुटलेले असते.

तुमच्याजवळ असा प्रश्न आहे, आणि तो असा की त्याच्यासाठी तुमच्याइतके योग्य माणूस तुमच्या माहेरीही दुसरे नसावे. ते कागद हिशेबाचे दिसतात आणि तुम्ही आयुष्यभर हिशेबच पाहिला आहे. वर्गात मोडी शिकवताना मुळाक्षरे आणि बाराखडीपासून सुरुवात करतात, ती शिस्त योग्यच आहे. पण तुमची गाडी तिथेच रुतली, आणि त्याला कारणही आहे. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि काना-मात्रा लागताच पुष्कळ अक्षरांचे रूप पालटते. तक्त्यावर सुटे अक्षर ओळखता येते, कागदावर मात्र सगळा एकच गुंता दिसतो. तेव्हा तुम्ही अक्षरांकडून न जाता आकड्यांकडून जा.

ट्रंकेतला एक कागद निवडा, एकच. त्याचा मोबाइलवर चांगल्या उजेडात फोटो काढा आणि तो मोठा करून आधी फक्त आकडे वाचा. मोडी कागदांतले आकडे देवनागरी आकड्यांच्या बरेच जवळचे असतात. रुपयांच्या आकड्यापुढे उभ्या रेघा दिसतील : एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढच्या आडव्या रेघा म्हणजे सुटे आणे. म्हणजे १॥= असे दिसले, तर तो एक रुपया दहा आण्यांचा आकडा झाला. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा धरून त्या पानाची बेरीज करा आणि तळाशी आजोबांनी मांडलेल्या बेरजेशी ताडून पाहा. जुळली तर तुम्ही आजोबांचे एक पान वाचले, एकही शब्द न वाचता. नाही जुळली, तर कुठला आकडा आपण चुकीचा घेतला हे शोधायला तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही; ताळा जमल्याशिवाय उठायचे नाही, ही तुमच्या पेशाची सवयच आहे. त्यानंतर जमेची बाजू आणि खर्चाची बाजू ओळखा. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही असेल, तर तेच तेच शब्द दर दिवशी येतील आणि ‘जमा’, ‘खर्च’, ‘बाकी’ ही तीन रूपे डोळ्यांना सरावतील. कागदावर शके घातला असेल, तर त्यात ७८ मिळवा. शके १८५२ म्हणजे साधारण १९३० साल. एवढे झाल्यावर ओळीच्या सुरुवातीला वारंवार येणारे ते नाव कोणाचे, दर महिन्याला ते अडीच रुपये कोणाला जात होते, असे प्रश्न आपोआप उभे राहतील. मग बाराखडीचा तक्ता तुम्ही स्वतःहून उघडाल, कारण आता त्याच्याकडे तुमचे काम असेल.

याला मानसशास्त्रात आधार आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणूस एखाद्या कामात आतून रमण्यासाठी तीन गोष्टी लागतात : काम आपण निवडलेले असावे, ते आपल्याला थोडे थोडे जमते आहे हे कळत राहावे आणि त्यात कोणाची तरी सोबत असावी. पहिली तुमच्यापाशी आहे, दुसरी बेरीज जुळण्यातून येईल. तिसरीसाठी वर्गातल्या एखाद्या सोबतिणीला फोन करा. जाणे सोडल्याचा संकोच बाळगू नका, अशा वर्गांतून गळणारी बरीच मंडळी असतात आणि ती सगळी एकमेकांना टाळत असतात. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे जाणकार भेटतात, अडलेला शब्द त्यांच्यापुढे ठेवता येईल. आपल्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत आणि ते वाचणारे डोळे थोडे आहेत, त्यामुळे शिकू पाहणाऱ्याचे तिथे कोणी वाईट स्वागत करील असे वाटत नाही.

वेळेविषयी. एकवीस दिवसांच्या सवयीवर विश्वास ठेवून तुम्ही स्वतःला नापास केले आहे, तो निकाल रद्द समजा. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. माणसामाणसांतला फरक मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रमात फारसा फरक पडत नाही, असेही त्यात आढळले. हे शेवटचे वाक्य तुमच्यासाठी सर्वांत उपयोगाचे आहे, कारण मला अशी दाट शंका आहे की तुमच्या डायऱ्या पहिल्या चुकलेल्या दिवशी बंद झाल्या असाव्यात. गौरी-गणपतीत चार दिवस जातील, सासूबाईंचे दुखणे निघेल, मार्चअखेरीला कचेरीतून घरी यायलाच नऊ वाजतील. जेव्हा जमेल तेव्हा त्याच कागदाच्या त्याच ओळीपासून पुढे चालू करावे आणि गेलेल्या दिवसांची भरपाई करायला जाऊ नये.

‘वेळ मिळेल तेव्हा करीन’ असे ठरवू नका, तो मिळत नाही. रोज घडणाऱ्या एखाद्या कृतीला हे काम बांधून टाका : रात्री ओटा पुसून झाला, की जेवणाच्या टेबलाशी बसून एक ओळ. ज्या गोलविट्झरांचा उल्लेख वर आला, त्यांचेच याविषयीचेही संशोधन प्रसिद्ध आहे. ‘अमुक झाले की तमुक करायचे’ असा जागा-वेळेसह केलेला बेत, नुसत्या इच्छेपेक्षा पुष्कळ अधिक वेळा तडीस जातो. पंधरा मिनिटे पुरेत, आणि उठताना मुद्दाम एखादा न लागलेला शब्द तसाच ठेवून, त्याच्याखाली फोटोवर खूण करून उठा. दुसऱ्या दिवशी बसमध्ये म्हात्रे पूल ओलांडताना तो शब्द तुम्हांला आठवला, तर काम मार्गी लागले असे समजा. नाही आठवला तरी रात्री एक ओळ आहेच.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. ‘सगळ्याचाच कंटाळा येतो’ हे वाक्य तुम्ही सहज लिहिले असेल, तरी मी ते सहज घेणार नाही. पाळीच्या बदलांचे हे वय आहे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पुष्कळ बायका ज्याला जिद्दीचा अभाव समजून स्वतःला बोल लावत बसतात, तो पंडुरोगाचा थकवा निघतो आणि औषधाने बरा होतो. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक रोज मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर मोडी आणि डायऱ्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मॅरेथॉनचे उत्तर एका ओळीत देते : त्यांना पळायला आवडते, तुम्हांला कागद वाचायला आवडतात.

स्वार्थाच्या प्रश्नाने तुम्हांला फार छळलेले दिसते. रात्रीची पंधरा मिनिटे घेतल्याने घरातले कोणते काम अडेल, ते मला पत्रातून दिसले नाही. आणि एखादे अडत असेलच, तर ते घरातल्या दुसऱ्या माणसाला करता येते की नाही, हा प्रश्न स्वार्थाचा नसून वाटणीचा आहे आणि तो यजमानांशी बोलून सोडवायचा आहे. सासूबाईंना मात्र या कामातून वगळू नका. आणे, पै, पायली, शेर, मण ही मापे त्यांच्या लहानपणी बाजारात चालत होती. नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे त्यापूर्वीचा हिशेब त्यांनी तोंडी केलेला असण्याची शक्यता आहे. कागदात ‘पायली’ आणि ‘अधोली’ आली, तर ती किती शेरांची हे तुम्हांला शोधत बसावे लागेल आणि त्या औषध घेता घेता सांगून टाकतील. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख फक्त औषधांच्या वेळांपुरता आहे. त्यांना कोणी काही विचारल्याला किती दिवस झाले असतील, हेही मनात आले.

नवी डायरी आणू नका. जुन्यांपैकी कोणतीही एक घ्या, छापील तारखांकडे दुर्लक्ष करा आणि रोजच्या ओळीतले जे वाचले ते देवनागरीत उतरवा, जे लागले नाही तिथे जागा सोडा. ट्रंकेविषयी शेवटची सूचना अशी, की मूळ कागद रोज हाताळू नका, काम फोटोवरूनच करा. घड्या पडलेला कागद जोर लावून सपाट करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि कोणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन तर मुळीच करून घेऊ नका, कारण ते पुन्हा काढता येत नाही. ट्रंक पावसाळ्यात भिंतीला किंवा जमिनीला लागून ठेवू नका. खाली लाकडी पाट घाला आणि कागद धुतलेल्या सुती कापडात बांधून ठेवा.